जुनं म्हणजे महागच, असं नाही

'पस्तीस वर्षं जुनी बेसबॉल कार्डं (खेळाडूंची चित्रं छापलेली, जमवायची कार्डं) आहेत, म्हणजे घसघशीत पैसे येणार' असं कुणीसं म्हणालं, ते काही पटलं नाही. पैसे वयाला नाही, टंचाईला मिळतात. टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५२ च्या संचातलं बेसबॉलपटू मिकी मॅन्टलचं कार्ड २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं. त्या संचाचा शेवटचा भाग हंगाम सरता सरता दुकानांत आला, खपला नाही आणि पडून राहिलेली खोकी कंपनीने १९६० मध्ये चक्क समुद्रात बुडवली! विकली गेलेली कार्डं पोरांनी सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफडवली, नाहीतर आयांनी आवराआवरीत फेकली.

ऐंशीच्या दशकाअखेर मात्र जो तो कार्डं 'गुंतवणूक' म्हणून जपायला लागला आणि कंपन्यांनी वारेमाप छापली. अपर डेक या कंपनीच्या १९८९ च्या संचातलं बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड नावाजलेलं खरं, पण तेही ढिगाने सापडतं. कार्डांची अवस्था तपासून गुण देणाऱ्या पीएसए या कंपनीने दहापैकी दहा दिले तरच त्याला खरा भाव.

आणि दहा मिळणं सोपं नाही. चारही कोपरे टोकदार हवेत, चित्राभोवतीची पांढरी किनार दोन्हीकडे जवळपास सारखी हवी. पूर्वी पाकिटात च्युइंगगमची गुलाबी पट्टी यायची, तिला चिकटलेल्या कार्डावर डाग हमखास. (गम खाण्यालायक नसायचाच म्हणा.) त्यामुळे तपासणीची फी भरण्याआधी भिंगाखाली कोपरे बघा आणि तसलंच कार्ड प्रत्यक्षात कितीला विकलं गेलंय ते पाहा. विक्रेत्याने लावलेली किंमत धरू नका.