उंदराला ‘व्यसन’ लागते का?

प्रश्न : मॉर्फिन दिलेल्या उंदरांवरील एका लेखाचा अनुवाद करताना, मुळात तीन निरनिराळे शब्द असूनही माझ्या मसुद्यात तिन्ही ठिकाणी ‘व्यसन’ आले आहे. ते चालेल का?

उत्तर : चालवू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘व्यसन’ हा शब्द संस्कृतातून संकट आणि दुर्गुण असे दोन्ही अर्थ घेऊन आला. मनुस्मृतीत राजाने टाळावयाच्या अठरा व्यसनांत मृगया, द्यूत व मद यांच्या जोडीला दिवसा झोपणेही आहे. टाळता येण्यासारखे होते ते टाळले नाही, हा ठपका त्या शब्दात मुरलेला आहे आणि पिंजऱ्यातल्या उंदरावर तो ठेवणे अन्यायाचे आहे.

प्रयोगातच पाहा. दोन कप्प्यांच्या पेटीत एका कप्प्यात मॉर्फिन आणि दुसऱ्यात नुसते मिठाचे पाणी टोचले, तर पुढे काहीही न टोचता मधले दार उघडल्यावर उंदीर मॉर्फिनच्या कप्प्यात जाऊन बसतो; ही ‘चटक’. अनेक दिवस मॉर्फिन दिल्यावर, मॉर्फिनचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन हे औषध टोचले, की तोच उंदीर जागच्या जागी उड्या मारू लागतो आणि त्याचे पुढचे पंजे थरथरतात, हे ‘अवलंबित्व’. कळ दाबून औषध मिळवायला शिकलेल्या उंदराची, पुरवठा बंद होऊन कळ दाबण्याची सवय सुटल्यानंतरही, पूर्वी औषधासोबत लागणारा दिवा पुन्हा लावला, की तो कळ दाबू लागतो, ही ‘तलफ’. फ्रान्समध्ये १९९६ साली म्यू ग्राहक (पेशीवरचे ज्या प्रथिनाला चिकटून मॉर्फिन परिणाम करते ते) नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा मॉर्फिनने त्यांची वेदना शमली नाही, त्यांना चटक लागली नाही आणि अवलंबित्वही आले नाही. तरीही हे शब्द एक करू नयेत, कारण डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन परत शोषून घेणारे प्रथिन अडवणारे कोकेन चटक लावते, पण ते थांबवल्यावर मॉर्फिनसारख्या उड्या दिसत नाहीत.

पुरवणी : वरील मताशी सहमत आहे, फक्त ‘ओढ’ आणि ‘गोडी’ हा भेदही जपावा. मेंदूत डोपामिन तयारच होत नाही असे उंदीर अन्न समोर असूनही खात नाहीत आणि लेव्होडोपा (ज्यापासून शरीरात डोपामिन बनते ते औषध) न दिल्यास उपाशी मरतात. मात्र साधे पाणी आणि साखरेचे पाणी यांतून ते साखरेचेच निवडतात. त्यांना गोडी कळते, ओढ उरत नाही. म्हणून वृत्तपत्रांत डोपामिनसाठी सर्रास वापरले जाणारे ‘आनंदाचे रसायन’ अनुवादात घेऊ नये. ‘ओढ लावणारे रसायन’ म्हणावे.