बोक्याची लघवी अडली होती आणि दवाखान्याने बद्धकोष्ठ ठरवले: ठाण्यात मांजरांचा जाणता दवाखाना कसा ओळखावा?

मानपाड्याची रहिवासी

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळ राहतो. आमच्याकडे सहा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका आहे. घरात त्याला बंड्या म्हणतात. गेल्या महिन्यात त्याच्या बाबतीत जे घडले त्यातून मी अजून पूर्ण सावरलेली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एका शनिवारी संध्याकाळपासून तो दर दहा-पंधरा मिनिटांनी शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. वाळू उकरायचा, कुंथायचा, मध्येच कधी न ऐकलेल्या आवाजात ओरडायचा आणि कोरडाच बाहेर यायचा. रविवारी सकाळी आम्ही त्याला जवळच्या दवाखान्यात नेले. दीड तास त्याचा पिंजरा दोन मोठ्या कुत्र्यांच्या मध्ये जमिनीवर ठेवावा लागला आणि तो आत अंग चोरून बसला होता. आमचा नंबर आल्यावर डॉक्टरांनी त्याला पिंजऱ्यातून अर्धाच बाहेर काढले, ताप पाहिला, पाठीवरून हात फिरवला आणि बद्धकोष्ठ असल्याचे सांगितले. काल दुपारपासून वाळूत लघवीचा ओला गोळा एकही सापडलेला नाही, हे मी दोनदा सांगितले. त्यावर, उन्हाळ्यात मांजरे पाणी कमी पितात, एवढेच उत्तर मिळाले. पोट साफ होण्याचे पातळ औषध लिहून दिले आणि फरक न पडल्यास दोन दिवसांनी आणा असे सांगितले.

त्या रात्री त्याला उलट्या झाल्या. सोमवारी पहाटे चारच्या सुमारास तो न्हाणीघराच्या फरशीवर आडवा पडलेला दिसला, हाक मारली तरी मान वळवत नव्हता. दवाखान्याच्या पाटीवर २४ तास सेवा असे लिहिलेले आहे, पण तिथला फोन नुसता वाजत राहिला. शेवटी आम्ही त्याला मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पोटावर हात ठेवताच सांगितले की मूत्राशय दगडासारखे टणक झाले आहे. रक्तातले पोटॅशियम ८ च्या पुढे गेले होते. भूल देऊन मूत्रमार्गात नळी घातली, सलाईन लावले, तीन दिवस दाखल ठेवले आणि बंड्या वाचला.

परत आल्यावर मी पहिल्या दवाखान्यात गेले. माझा हेतू भांडणाचा नव्हता; रविवारी काय तपासले होते ते समजून घ्यायचे होते आणि केसपेपरची प्रत हवी होती. डॉक्टर म्हणाले, बोक्यांचे असे होतच असते, आणि प्रत देण्याची पद्धत आमच्याकडे नाही. चूक कोणाकडूनही होऊ शकते हे मला मान्य आहे, पण पोटाला हात न लावता निदान करणे ही मला निव्वळ चूक वाटत नाही. आपला दवाखाना मांजरे जाणतो की नाही हे कशावरून ओळखावे, आणि या प्रकरणाची तक्रार करण्यात काही अर्थ आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

नेरूळची दोन मांजरांची आई

ताई, वाचताना अंगावर काटा आला. बंड्या घरी आला हे वाचून पुढचे वाचण्याचा धीर झाला.

माझा अनुभव इतका गंभीर नाही, पण जातकुळी तीच आहे. नवी मुंबईतल्या एका दवाखान्यात लस द्यायला नेले असता मदतनिसाने माझ्या मांजरीला मानेच्या कातडीला धरून उचलले आणि टेबलावर दाबून ठेवले. तिने ओरबाडले. त्यानंतर तिच्या केसपेपरवर लाल शाईने ‘आक्रमक’ असा शेरा पडला आणि पुढच्या प्रत्येक वेळी तिला दुरूनच पाहून औषध लिहून दिले जाऊ लागले. जवळजवळ वर्षभर तिचे कोणी वजनसुद्धा केले नाही. त्या काळात तिचे वजन सव्वा किलोने उतरले होते, हे दवाखाना बदलल्यावर कळले. चार किलोच्या जिवाचे सव्वा किलो म्हणजे किती, हे मी नव्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरच वाचले.

आता मी दवाखाना निवडताना आधी मांजर न घेता एकटी जाऊन येते. मांजरांसाठी वेगळी वेळ किंवा निदान वेगळा कोपरा आहे का, पिंजरा ठेवायला उंच जागा आहे का, हे पाहते. पिंजऱ्याचे वरचे झाकण काढून मांजराला खालच्या भागातच बसू देऊन तपासतात का, हे आवर्जून विचारते. ज्यांना मांजरांची सवय आहे ते या प्रश्नाने गोंधळत नाहीत. आणि रात्री दाखल ठेवल्यास तिथे माणूस थांबतो की शटर ओढून सगळे घरी जातात, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. दोन ठिकाणी मला याचे सरळ उत्तर मिळाले नाही.

---

निवृत्त पशुवैद्यक, नौपाडा

मी सरकारी सेवेत आयुष्य घालवले. बहुतेक काळ गाई-म्हशींमध्ये गेला, म्हणून जे लिहितो ते आमच्या व्यवसायाबद्दलच्या आपुलकीने लिहितो आहे.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे अतिशय अरुंद असतो. लघवीतले खडे किंवा चिकट द्रव्याची बुचे तिथे अडकतात, कधी नुसत्या आकुंचनानेही मार्ग बंद होतो. मांजरीचा मार्ग रुंद आणि आखूड असल्यामुळे तिच्यात हे क्वचित घडते. लघवी पूर्ण अडली की मूत्रपिंडावर दाब येतो, रक्तात पोटॅशियम साठते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. एक-दोन दिवसांत प्राणी दगावू शकतो. बोका ट्रेमध्ये कुंथताना दिसला की मालकाला आणि घाईत असलेल्या डॉक्टरलाही बद्धकोष्ठ वाटते. दोन्हींतला फरक कळण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पोट चाचपावे लागते. तुंबलेले मूत्राशय मोठ्या लिंबासारखे किंवा त्याहूनही मोठे, कडक असे हाताला लागते. आपल्या डॉक्टरांनी ते केले नाही, आणि वर आपण ओला गोळा नसल्याचे सांगत होता. याचे समर्थन मला करता येत नाही.

कारण मात्र सांगता येते. आमचे शिक्षण प्रामुख्याने पशुधनासाठी उभे राहिले. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथल्या जनावरांच्या रुग्णालयाला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. नावात बैल आणि घोडा आहे, मांजर नाही. शहरात आधी कुत्रा आला, मांजर त्याच्या मागून, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही मांजराला लहान आकाराचा कुत्रा समजून तपासले जाते. ज्यांना मांजराची खरी माहिती आहे ते माणसांची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका असे आपण न विचारता सांगतील, कारण मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे औषध मांजराला लावू नये, हेही ते सांगतील.

एकट्याने चालवलेल्या छोट्या दवाखान्यात रविवारी रक्ततपासणी किंवा नळी घालण्याची सोय नसेल तर त्यात दोष नाही. पण ‘हे माझ्याकडे होणार नाही, आत्ता अमुक ठिकाणी न्या’ असे सांगणे ही त्याची जबाबदारी आहे.

बंड्याबद्दल एक सूचना. नळी काढल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मार्ग पुन्हा बंद होण्याचा धोका अधिक असतो. कोरडे खाद्य कमी करून ओले खाद्य वाढवावे, घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे आणि रोज ओले गोळे मोजावेत. घरी पोट दाबून पाहण्याचा प्रयत्न मात्र करू नये. भरलेले मूत्राशय फुटू शकते.

---

ऐरोलीकर

मला डॉक्टरकाकांचे पटते, तरी एक वेगळी बाजू मांडतो. आमच्या भागात रात्री अकरानंतर प्राण्यांचा डॉक्टर मिळणे दुरापास्त आहे. जे दोन-तीन जण फोन उचलतात त्यांच्यावर फार ताण असतो. दवाखान्याचे नाव सगळीकडे पसरवण्यापेक्षा ताईंनी लेखी तक्रार करावी. पाटीवर २४ तास लिहून फोन न उचलणे मात्र अक्षम्य आहे. ती पाटी वाचून माणूस त्या वेळी दुसरा दवाखाना शोधत नाही.

---

ग्राहक चळवळीतला कार्यकर्ता, ठाणे

तक्रारीत अर्थ आहे आणि मार्ग दोन आहेत. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार व्यवसाय करणाऱ्या पशुवैद्यकाची नोंदणी असावी लागते आणि व्यावसायिक वर्तनाविषयीची तक्रार महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे करता येते. पैसे घेऊन दिलेली सेवा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि वकील नेमण्याची सक्ती नाही.

दोन्ही ठिकाणी निकाल कागदावर लागतो. म्हणून आधी पहिल्या दवाखान्याला नोंदणीकृत स्पीड पोस्टने पत्र लिहून केसपेपरची प्रत मागावी. त्यांनी दिली नाही, तर तो नकारही आपल्या बाजूचा पुरावा होतो. रविवारची औषधाची चिठ्ठी, पैसे दिल्याची नोंद आणि पहाटे केलेल्या फोनची यादी जपून ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांकडून दाखल करतेवेळची स्थिती वेळेसह लेखी घ्यावी, कारण निष्काळजीपणा सिद्ध करताना तज्ज्ञाचे मत नसेल तर प्रकरण बहुधा टिकत नाही.

---

मानपाड्याची रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. काका, आपण लिहिलेले मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. रविवारी आपण अधिक हट्ट धरायला हवा होता, असे ते महिनाभर स्वतःला लावून घेत आहेत. पोट चाचपणे हे डॉक्टरांचे काम होते, हे आपल्यासारख्यांकडून ऐकून त्यांना थोडे बरे वाटले.

नोंदणीकृत पत्र काल टाकले. दुसऱ्या इस्पितळातून दाखल करतानाचा कागद वेळेसह मिळाला आहे आणि त्यात ‘मूत्रमार्ग पूर्ण बंद’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर परिषदेकडे तक्रार पाठवीन. ग्राहक आयोगाचा विचार अजून केलेला नाही. मला भरपाई नको आहे. त्या टेबलावर पुढचा बोका येईल तेव्हा त्याच्या पोटाला हात लावला जावा, एवढेच हवे आहे.

बंड्या ओले खाद्य कुरकुर करत खातो आहे. आज सकाळी ट्रेमध्ये तीन ओले गोळे निघाले, वहीत लिहून ठेवले आहेत. नेरूळच्या ताई, आपण सध्या ज्यांच्याकडे जाता त्यांचा पत्ता मला खासगी निरोपाने कळवाल का? पुढच्या आठवड्यात त्याची लघवी तपासायची आहे.