बँकॉकला निघालोय, ठगांपासून सांभाळायचं कसं?

शहापूरकर: बेळगावातून चौघं बँकॉक-पट्टायाला निघालोय. फसवणूक नेमकी कुठं होते ओ?

निपाणीवाला: बँकॉकच्या ग्रँड पॅलेस राजवाड्याच्या आसपास. नीटनेटका माणूस सांगतो, ‘आज बंद आहे’, आणि २० बाटमध्ये (बाट म्हणजे तिथलं चलन) टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, ठरवून देतो. टुकटुक थांबते रत्नांच्या दुकानात, कारण तिथं चालकाला कमिशन. थेट तिकीट खिडकीपर्यंत चालत जा, खरं-खोटं तिथंच कळतं. राजवाड्यात जाताना खांदे-गुडघे झाकलेले असू द्या.

खानापूरचा भाऊ: कार्ड मशीनवर ‘रुपये की बाट?’ आलं तर बाटच दाबा. रुपये निवडले की रूपांतराचा दर मशीनवाला लावतो, तो महाग पडतो. एटीएमवरही तसंच.

निपाणीवाला: पट्टायात जेट-स्की (पाण्यावरची स्कूटर) भाड्यानं घ्यायच्या आधी मालकासमोरच तळासकट व्हिडिओ काढा, जुन्या ओरखड्यांचे पैसे मागतात. पासपोर्ट तारण देऊच नका. तो त्यांच्या हातात गेला की भरपाईचा आकडा तेच ठरवणार. टूरिस्ट पोलीस: ११५५.

शहापूरकर: आणि टॅक्सी?

खानापूरचा भाऊ: मीटर टाकत नसेल तर बसूच नका. खडेबाजारातल्यासारखी घासाघीस कशाला करताय, मागची टॅक्सी येतेच की!