फ्रोझन उंदीर: साप पकडतो आणि सोडून देतो

प्रश्न
माझा पाळीव साप बॉल पायथन, म्हणजे अजगराचा एक प्रकार (इकडे ब्रिटनमध्ये रॉयल म्हणतात), वजन ७०० ग्रॅम. खाणं म्हणजे ४५ ग्रॅमचा फ्रोझन रॅट. फ्रीजरमधून काढून थेट किटलीच्या उकळत्या पाण्यात २० मिनिटं ठेवते. साप झडप घालतो, एक वेढा मारतो आणि सोडून देतो. गेल्या वेळी तर रॅटचं पोटच फुटलं. मायक्रोवेव्ह चालेल का?

उत्तर १
मायक्रोवेव्ह अजिबात नको. एका जागी शिजतं, शेजारी बर्फ तसाच.

बर्फ उतरवणं वेगळं आणि ऊब देणं वेगळं. तुम्ही दोन्ही एकदम करताय. आदल्या रात्री झिपलॉक पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. एवढ्या रॅटला रात्र पुरते, मोठ्याला २४ तास धरा. मग पोट दोन बोटांत दाबून बघा. आत गोटीसारखं काही लागलं तर बर्फ आहे, थांबा. मऊ लागलं की पिशवीसकट ४५ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं. उकळत्या पाण्यात कातडी शिजून नरम पडते, म्हणून वेढा पडताच पोट फुटतं.

उत्तर २
सोडून देण्याचं कारण बहुतेक रॅटचं गार डोकं. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे तोंड गार आणि अंग गरम असलं की तो गोंधळतो. अंग ३७-३८ अंशांवर आणा (इन्फ्रारेड थर्मामीटर घ्याच, स्वस्त मिळतो), शेवटी फक्त डोकं अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा आणि कोरडं पुसा.

चिमटा निदान ३० सेंटीमीटरचा हवा. कमरेला धरा, डोकं सापाच्या बाजूला. वेढा पडला की एकदोनदा हलकेच ओढा, भक्ष्य धडपडतंय असं वाटलं की तो आवळतो. मग दिवा बंद करून खोलीबाहेर जा. कौतुकाने बघत उभं राहिलं तरी काही साप सोडून देतात! डोळे दुधाळ दिसत असतील तर कात टाकेपर्यंत खायला देऊच नका.

४५ ग्रॅम ठीक आहे, वजनाच्या साडेसहा टक्क्यांच्या आसपास.

प्रश्नकर्ती
नाही खाल्लं तर परत गोठवू?

उत्तर ३
नको. रात्रभर ठेवून पाहा, सकाळी तसंच असेल तर पिशवीत बांधून कचऱ्यात.

आणि किटलीवरून आठवलं: गोठवल्याने साल्मोनेला (पोट बिघडवणारे जिवाणू) मरत नाही. ब्रिटनमध्येच २०१५पासून माणसांमधला साल्मोनेलाचा एक उद्रेक फ्रोझन उंदरांशी जोडला गेलाय. डबा, वाडगा, चिमटा सगळं वेगळं ठेवा. धुणं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, हात साबणाने धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला या कामाच्या आसपासही फिरकू देऊ नका.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही, साप राहतो त्या टाकीची गरम बाजू ३२ अंशांवर. ओकलाच तर दोन आठवडे उपास, पाणी मात्र कायम, आणि पुढचं खाणं निम्म्या वजनाचं.