मोठं रुग्णालय आतून: तुमचे अनुभव लिहा

रुग्णालयाचा विषय निघाला की बोलणं डॉक्टर आणि रुग्णावरच थांबतं. मोठ्या रुग्णालयात एका माणसाच्या उपचारामागे किती हात असतात, त्यातले बहुतेक त्याला दिसतही नाहीत. ज्यांनी असं काम केलंय किंवा आजही करताय, त्यांनी लिहा. आपल्या हातातलं काम पुढच्याकडे सोपवताना काय होतं, हे मुद्दाम सांगा. सुरुवात मी करते.

मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. ड्यूटी संपताना हँडओव्हर टेबलावर बसून नाही, प्रत्येक कॉटपाशी उभं राहून द्यायचा, हा माझा आग्रह असतो. सलाईन किती राहिलंय, लघवी किती झाली, शेवटचा डोस कधी दिला, कोणता रिपोर्ट यायचाय. हे सगळं फाईलमध्ये असतंच. नसतं ते असं: "बीपी ठीक आहे, पण सकाळपासून आजोबा गप्प झालेत, श्वास भराभर घेतायत." तब्येत ढासळताना पुष्कळदा श्वासाचा वेग आधी वाढतो, बीपी नंतर पडतं. आणि घाईत नेमका श्वासच मोजायचा राहतो. नवीन मुलींना मी सांगते, मिनिटभर छातीकडे बघा, मगच आकडा लिहा. रात्रपाळीच्या सिस्टरने त्या एका वाक्यावरून डॉक्टरांना लवकर बोलावलं आणि रुग्ण सावरला, असं मी पाहिलंय.

---

मी लॅब टेक्निशियन. पोटॅशियम 7 आलं की पहिली नजर नमुन्याकडे जाते. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या असतील तर त्यांतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, लालसर दिसतं. तसं असेल तर नमुना पुन्हा मागवतो. सीरम स्वच्छ असेल तर रिपोर्ट छापून येण्याची वाट पाहत नाही, थेट वॉर्डात फोन करतो, कारण एवढ्या पोटॅशियमने हृदयाची लय बिघडू शकते. समोरच्याकडून नाव आणि आकडा परत म्हणवून घेतो. कोणी वैतागतं, पण मी फोन ठेवत नाही.

---

सीएसएसडीत आहे, म्हणजे ऑपरेशनची हत्यारं धुऊन निर्जंतुक करणारा विभाग. पॅकवरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या की झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. त्या रेघांवरून पॅक ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, गेलंय एवढंच कळतं. वाफ आतपर्यंत पोचली का, यासाठी पॅकच्या आत वेगळी पट्टी असते, आणि शिवाय जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी. एकही ऑपरेशन मी पाहिलेलं नाही, पण प्रत्येक ट्रे मीच मोजलेला असतो.

---

भूलतज्ज्ञ. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची सुरक्षिततेची तपासयादी आणली. चीर देण्याआधी सगळे थांबतात, आपलं नाव आणि काम सांगतात. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. एकदा स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं की सर्वांत ज्युनिअर मुलगीही पुढे "सर, डावी की उजवी बाजू, पुन्हा बघूया का?" असं विचारायला धजते.

---

मी स्ट्रेचर ओढतो, सगळे मामा म्हणतात. एमआरआयला नेताना दाराबाहेरच ट्रॉलीवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर काढायचा, कारण आतलं चुंबक कायम चालू असतं, तपासणी नसली तरीही. पेशंट विचारतात, "आत दुखेल का?" दुखत नाही, आवाज मोठा येतो, कानाला लावायला देतात, हे मी लिफ्टमध्येच सांगून टाकतो. नातेवाईक सोबत नसले तर बाहेर थांबतो.