वेस्टर्नमध्ये बँड फिका पडला, म्हणजे कंपाऊंडने एक्स्प्रेशन रोखलं का?

प्रयोगवही
नमस्कार मंडळी, सेल बायोलॉजीवाल्यांनी जरा मदत करा. आमच्याकडे एक लहान रेणू आहे, तो पेशींना दिला की २४ तासांनी वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन किती आहे ते बँडने दाखवणारी चाचणी) राफ-१ चा (म्हणजे सी-राफ, पेशीच्या सिग्नलसाखळीत रास आणि मेकच्या मधला कायनेज, दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावणारं एन्झाइम) बँड चांगलाच फिका पडतो, ॲक्टिन (तुलनेसाठी बघतो ते प्रोटीन) जसंच्या तसं, पेशीही धडधाकट दिसतात. थिसिसमध्ये 'हे संयुग राफ-१ चं एक्स्प्रेशन रोखतं' (म्हणजे जीनवरून एमआरएनए आणि त्यावरून प्रोटीन बनणंच थांबवतं) असं लिहायचा विचार आहे, पण एवढ्या डेटावर ते टिकेल का? दुसरं म्हणजे जुनी पेटंटं चाळली तर 'एक्स्प्रेशन रोखणारी संयुगं' म्हणून ८ ते ८० न्यूक्लिओबेस (डीएनए-आरएनएची अक्षरं) लांबीचे तुकडे निघतात, आपल्यासारखा लहान रेणू नाहीच, असं का? आणि कायनेजचं काम थांबवलं काय किंवा कायनेजच गायब केला काय, सिग्नल दोन्हीकडे बंदच होणार ना, मग एवढा फरक कशासाठी करायचा?

सिग्नलसाखळी
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. सिग्नल दोन्हीकडे बंद होतो असं राफच्या बाबतीत तर अजिबात धरून चालू नका. इमॅटिनिब बघा, २००१ मध्ये मंजूर झालेलं, ते एका ल्युकेमियातल्या बीसीआर-एबीएल या कायनेजच्या एटीपीच्या (फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूच्या) खाचेपाशी बसतं, प्रोटीन पेशीत राहतंच पण त्याला दुसऱ्या प्रोटीन्सवर फॉस्फेट लावता येत नाही, आणि त्या ल्युकेमियात तेवढं पुरतं. राफ मात्र जोडीने काम करतो. व्हेम्युराफेनिबसारखं औषध जोडीतल्या एका राफला चिकटलं की शेजारचा मोकळा राफ उलट जास्त चालू होतो, त्यामुळे ज्या पेशीत बी-राफ (राफचाच दुसरा प्रकार) नॉर्मल आणि रास म्युटेटेड आहे तिथे ईआरकेचा (साखळीत मेकच्या पुढचा कायनेज) सिग्नल कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. २०१० मध्ये एकापेक्षा जास्त गटांनी हे दाखवलं. म्हणजे खाच अडवलेला राफ आणि मुळात नसलेला राफ या पेशीच्या दृष्टीने दोन वेगळ्या परिस्थिती आहेत, प्रोटीनच नसेल तर जोडी जमणार कशी? शिवाय राफ-१ फॉस्फेट न लावताही एएसके१, एमएसटी२ असल्या प्रोटीन्सना धरून दाबून ठेवतो, ते काम एटीपीची खाच बुजवून थांबेलच असं नाही. म्हणून तुमचा रेणू राफचं प्रमाण खरंच घटवत असेल तर ती मोठी गोष्ट आहे, नीट सिद्ध करा.

थंडखोली
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण नुसत्या वेस्टर्नवर 'एक्स्प्रेशन रोखतं' हे मी तरी मान्य करणार नाही. जेल्डानामायसिन आठवा. ते राफ-१ च्या जीनला हातही लावत नाही, ते एचएसपी९० ला अडवतं, राफ-१ ला घडीत सांभाळणारा हा शॅपेरॉन सुटला की राफ-१ प्रोटिएसोममध्ये (पेशीतली प्रोटीन तोडणारी यंत्रणा) जाऊन संपतो. ब्लॉट मात्र हुबेहूब तुमच्यासारखा दिसेल, राफ फिका, ॲक्टिन ठीक.

आधी क्यूपीसीआर (एमआरएनए किती आहे ते मोजणं) करा, आणि ते २४ तासांवर एकदाच नको, सुरुवातीचे तास पण घ्या, कारण एमआरएनए आधी पडतो की प्रोटीन आधी पडतं यावरच अर्धं उत्तर मिळतं. एमआरएनए पडत असेल तर पुढे विचारायचं की तो बनतच नाहीये की लवकर तुटतोय, त्यासाठी ॲक्टिनोमायसिन डी देऊन नवीन ट्रान्स्क्रिप्शन बंद करायचं आणि उरलेला किती वेगाने घटतो ते कंपाऊंडसह आणि कंपाऊंडविना बघायचं. एमआरएनए हललाच नाही तर हेच सायक्लोहेक्झिमाइड (नवीन प्रोटीन बनणं बंद करतं) वापरून प्रोटीनसाठी करायचं, सोबत एमजी१३२ (प्रोटिएसोम अडवतं) देऊन बँड परत येतो का ते पण. इथे एक गोष्ट लोक विसरतात, एचएसपी९० चे ग्राहक प्रोटीन, म्हणजे ज्यांची घडी ते सांभाळतं ते, बरेचदा प्रोटिएसोम बंद केल्यावर डिटर्जंटमध्ये न विरघळणाऱ्या भागात साचतात, तुम्ही सुपरनेटंटच (पेलेटच्या वरचा द्रव) लोड केलं तर वाटेल की काहीच परत आलं नाही. पेलेट फेकू नका, एसडीएसमध्ये उकळून तोही चालवा.

मुक्तरेणू
एवढा काथ्याकूट कशाला? पेपरमध्ये सगळे सर्रास 'प्रोटीन एक्स्प्रेशन कमी झालं' लिहितात.

थंडखोली
@मुक्तरेणू कमी झालं लिहायला माझी हरकत नाही, ते दिसतंय. रोखतं म्हटलं की वाचणारा पुढचा प्रयोग प्रमोटरवर (जीन चालू करणारा भाग) आखतो आणि त्याचे कित्येक महिने जातात. लहान रेणू एक्स्प्रेशन खरंच रोखू शकतात, पण प्रत्येकाची पायरी वेगळी असते. जेक्यू१ हा रेणू बीआरडी४ प्रोटीनच्या ब्रोमोडोमेन या भागाला चिकटून त्याला क्रोमॅटिनवरून काढतो आणि मायक या जीनचं ट्रान्स्क्रिप्शन (एमआरएनए बनणं) पडतं, तर थॅलिडोमाइड मोनोसाइटमध्ये टीएनएफ-अल्फाचा (सूज आणणारं प्रोटीन) एमआरएनए लवकर तुटायला लावतं, हे १९९३ मध्येच दाखवलं गेलं. आता एटानरसेप्ट हे औषध टीएनएफ बनणं थांबवत नाही, बनलेलं बाहेर पकडतं. आणि मायकसारखं प्रोटीन जे अर्ध्या तासाच्या आत निम्मं होतं ते कुठल्याही सरसकट ट्रान्स्क्रिप्शन बंद करणाऱ्या विषाने सुद्धा सगळ्यात आधी पडतं, मग लोक त्याला सिलेक्टिव्ह म्हणून मोकळे होतात.

गॅपमर
पेटंटच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. ते तुकडे म्हणजे अँटीसेन्स ऑलिगो, टार्गेटच्या एमआरएनएला जुळणाऱ्या क्रमाने चिकटणारे, आणि ते रासायनिक संयुगंच आहेत, नैसर्गिक डीएनए जसाच्या तसा दिला तर न्यूक्लिएज एन्झाइम त्याला लगेच खाऊन टाकतात. म्हणून फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी सल्फर घालतात, दोन्ही टोकांच्या साखरेवर मेथॉक्सीइथिल वगैरे लावतात आणि मधे साधा डीएनएचा पट्टा ठेवतात, कारण आरएनएज एच हे एन्झाइम डीएनए-आरएनएची जोडी दिसली तरच एमआरएनए कापतं. तुमच्या सी-राफवरच आयएसआयएस ५१३२ नावाचा २० न्यूक्लिओटाइडचा ऑलिगो होता, रुग्णांमधल्या चाचण्यांपर्यंत गेला पण औषध झाला नाही. पीकेसी-अल्फावरचा आयएसआयएस ३५२१ फेज ३ पर्यंत गेला, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत देऊन आयुष्य वाढलं नाही. बाजारात आलेला पहिला अँटीसेन्स फोमिव्हिर्सेन, १९९८, तो सीएमव्ही विषाणूवर होता, डोळ्यात इंजेक्शन द्यायचा.

यात फसवणारं पण बरंच आहे. सीपीजीचा (सी आणि जी शेजारी) क्रम असला तर टीएलआर९ (प्रतिकारशक्तीचा सेन्सर) जागा होतो आणि दिसणारा परिणाम टार्गेटचा नसतोच. म्हणून मिसमॅच कंट्रोल (मुद्दाम काही अक्षरं चुकवलेला ऑलिगो) हवाच आणि त्याच एमआरएनएवर वेगळ्या जागी बसणारा दुसरा ऑलिगो पण हवा. प्रोटीन टिकाऊ असेल तर एमआरएनए संपूनही बँड बराच वेळ दिसत राहतो, तेव्हा लगेच निराश होऊ नका.

प्रयोगवही
सगळ्यांचे मनापासून आभार. क्यूपीसीआर झालं, ४, ८ आणि २४ तासांवर राफ-१ चा एमआरएनए जागचा हलला नाही. प्रोटीन मात्र ८ तासांपासूनच उतरायला लागतं. जुन्या ब्लॉटवर बघितलं तर एकेटी (दुसरा एक कायनेज) पण थोडं फिकं आहे, त्याकडे आम्ही लक्षच दिलं नव्हतं. सायक्लोहेक्झिमाइड बाकी आहे.

थंडखोली
राफ-१ आणि एकेटी, दोघंही एचएसपी९० चे ग्राहक, एकत्र पडतायत आणि राफ-१ चा एमआरएनए शांत आहे, मग माझा पहिला संशय एचएसपी९० वर. सायक्लोहेक्झिमाइडच्या आधी त्याच लायसेटवर एचएसपी७० चा ब्लॉट लावा, एचएसपी९० अडलं की एचएसएफ१ (एचएसपी७० चा जीन चालू करणारं प्रोटीन) सुटतो आणि एचएसपी७० जोरात वाढतं. वाढलेलं दिसलं तर थिसिसमधून एक्स्प्रेशन हा शब्द काढून टाका आणि 'राफ-१ चं प्रोटीन अस्थिर करतं' या दिशेने जा, त्यात कमीपणा काही नाही. नाही वाढलं तर एमजी१३२ आणि पेलेट.

प्रयोगवही
एचएसपी७० ची अँटीबॉडी शेजारच्या लॅबमध्ये आहे, लायसेट फ्रीझरमध्ये आहेत. लावून इथेच कळवते.