पर्पलहार्टचा रंग आणि पॉलिश
बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) टेबलाला पर्पलहार्टचं लाकूड चालेल का, असं एकाने विचारलंय. चालेल की! दक्षिण अमेरिकेतलं हे लाकूड भलतंच टणक आणि टिकाऊ, आपल्या पावसाळ्याला डगमगणार नाही. प्रश्न रंगाचा आहे. ताजं कापलेलं मातकट तपकिरी दिसतं, हवा-उजेड लागला की जांभळं होतं आणि ऊन खाऊन पुन्हा तपकिरीकडे झुकतं. जांभळ्यासाठीच पैसे मोजणार असाल तर टेबल आत ठेवा. मेस्ताला (सुताराला) आधीच बजावा, चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पॉलिश नको. स्पिरिटने जांभळा रंग उतरतो. लॅकर बरं. रंध्याचं पातं सारखं परजावं लागेल, कारण बोथट पात्याने लाकूड तापलं की आतला डिंक सुटून चिकटतो. मजुरी मात्र सागवानाच्या हिशेबाने ठरवू नका, मेस्त अर्ध्यावर टाकून जाईल.